टेपला बुरशी, रेकॉर्डला धूळ: ऐंशीच्या दशकातल्या अल्बमांबद्दल वाचकांचे प्रश्न

ऐंशीच्या दशकातला तुमचा सर्वांत आवडता अल्बम कोणता, असे आम्ही गेल्या अंकात विचारले होते. पत्रांत 'थ्रिलर', 'ब्रदर्स इन आर्म्स', 'ग्रेसलँड', गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांच्या कॅसेटी, 'राम श्याम गुण गान' अशी नावे आली. पण बऱ्याच वाचकांनी नावाखाली एक अडचणही लिहिली आहे. कॅसेट कपाटात आहे, पण लावायची हिंमत होत नाही. रेकॉर्ड आहे, पण खरखरते. त्यामुळे या वेळी आवडीनिवडीपेक्षा या अडचणींनाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न (म्हापसा): 'ब्रदर्स इन आर्म्स'ची जुनी एलपी (मोठी रेकॉर्ड) माझ्याकडे आहे. मित्राच्या सीडीवर तीच गाणी बरीच लांब आहेत. माझी एलपी नकली आहे का? आणि ऐकावी कोणती?

उत्तर: नकली नाही. डायर स्ट्रेट्सचा हा अल्बम मे 1985 मध्ये आला, तेव्हाच एलपी आणि सीडीसाठी गाण्यांची लांबी वेगवेगळी ठेवली होती. सीडी सुमारे 55 मिनिटांची, एलपी सुमारे 47 मिनिटांची. 'व्हाय वरी' सीडीवर साडेआठ मिनिटे चालते, एलपीवर साडेपाच. 'युअर लेटेस्ट ट्रिक' साडेसहाचे पावणेपाचवर आले आहे. शीर्षकगीत मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढेच आहे.

याचे कारण रेकॉर्डच्या खाचेत आहे. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपर्यंत संगीत असेल तर खाचा ऐसपैस कापता येतात. त्याहून जास्त कोंबले की खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, आणि मग आवाजाची पातळी आणि बास दोन्ही कमी करावे लागतात. 'थ्रिलर'च्या वेळी, 1982 मध्ये, नेमके हेच झाले होते. पहिले मिक्स तयार झाले तेव्हा बाजू फार लांब झाल्या होत्या आणि आवाज पातळ येत होता. निर्माते क्विन्सी जोन्स आणि मंडळींनी गाणी कापून सगळे पुन्हा मिक्स केले. आज त्या रेकॉर्डवर जो दणका ऐकू येतो, तो या कापाकापीमुळेच.

दुसरी गोष्ट म्हणजे सुईखालचा वेग. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ फक्त 21. म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' आणि झांजा फाटल्यासारख्या वाटतात, आणि म्हणूनच त्या काळातले निर्माते बाजूच्या शेवटी शांत गाणे ठेवणे पसंत करत. अल्बममधला गाण्यांचा क्रम बारकाईने पाहिला तर ही जाण अनेकदा दिसते.

'ब्रदर्स इन आर्म्स' मुळातच डिजिटल 24 ट्रॅक (आवाजाच्या 24 वेगळ्या पट्ट्या घेणाऱ्या) यंत्रावर ध्वनिमुद्रित केला होता, तेव्हा इथे सीडी घेण्यात कमीपणा काहीच नाही. पूर्ण गाणी रेकॉर्डवरच हवी असतील तर पुढे निघालेली दोन रेकॉर्डींची आवृत्ती घ्या. तुमची जुनी एलपी मात्र विकू नका. 1985 मध्ये ज्यांनी रेकॉर्ड घेतली, त्यांच्या कानात बसलेला अल्बम तोच आहे.

जुनी रेकॉर्ड विकत घेताना ती दिव्याखाली तिरकी धरा. पांढुरके ठिपके बहुधा बुरशीचे असतात आणि धुतल्यावर जातात. खाचांवर करडी, निस्तेज झाक असेल, विशेषतः लेबलाकडे, तर ती जड सुईने झालेली झीज आहे आणि ती कशानेच जात नाही. सूटकेससारख्या जुन्या प्लेअरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) दाब बहुधा पाच ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच असतो, आजच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा दीड ते दोन. दुकानदाराने रेकॉर्ड वाजवून दाखवली तर पहिले गाणे ऐकू नका, बाजूचे शेवटचे ऐका.

प्रश्न (साखळी): माळ्यावरच्या पेटीत पन्नासेक कॅसेटी सापडल्या. खिडकीतून पाहिले तर टेपच्या गुंडाळीवर पांढरे डाग आहेत. उन्हात घातल्या तर चालतील का?

उत्तर: ऊन नको. ओव्हन नको, केस वाळवायचे यंत्रही नको. कवच वाकडे होते आणि टेप ताणली जाते. आणि त्यांतली एकही कॅसेट प्लेअरमध्ये घालून बघू नका. बुरशीचे कण टेप वाचणाऱ्या हेडवर आणि रबरी रोलरवर चिकटतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागतात.

आधी डाग असलेल्या आणि नसलेल्या कॅसेटी वेगळ्या करा. कव्हरातला छापील कागद काढून त्याचा फोटो घ्या आणि तो वेगळा ठेवा. बुरशीला सर्वांत आवडतो तो हाच कागद. मग डागाळलेल्या कॅसेटी रबरी कडेच्या झाकणबंद डब्यात सिलिका जेलसोबत दोन आठवडे ठेवा. ओली बुरशी पुसली तर फासली जाते. वाळलेली झटकता येते.

वाळल्यावर व्हरांड्यात बसून, तोंडाला एन-95 मास्क लावून काम करा. कवच पाच स्क्रूंचे असेल तर ते उघडा. खालच्या अर्ध्या भागात टेप कोणत्या रोलरवरून कशी जाते त्याचा उघडल्या उघडल्या फोटो घ्या, कारण छोटे रोलर आणि गुंडाळीच्या दोन्ही बाजूंचे पातळ सरकपत्रे हात लागताच जागा सोडतात. कवच स्क्रूऐवजी चिकटवलेले असेल तर शिवणीत पातळ सुरी घालून हलकेच फोडा. ते कवच पुन्हा वापरायचे नाही. गुंडाळीच्या दोन्ही बाजू मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने मधून बाहेर अशा झाडा. मग दोन्ही गुंडाळ्या स्क्रूवाल्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवा. हेडसमोर येणारी फेल्टची छोटी गादी जागेवर आहे का ते पाहा. जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुकून ती गळून पडते, आणि मग आवाज मध्येच विझल्यासारखा होतो.

यानंतर षट्कोनी पेन्सिल चाकात घालून टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू गुंडाळा आणि वाटेत ती कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीतून जाऊ द्या. कापडावर काळपट रेघ आली तर घडी बदला. टेपवर स्पिरिट लावू नका, चुंबकीय थर सुटण्याचा धोका असतो. टेप तुटली तर कॅसेटसाठी मिळणारी खास जोडपट्टीच वापरा आणि जोड मागच्या बाजूने द्या. घरातल्या साध्या चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात ओघळतो आणि शेजारचे वेढेही चिकटवून टाकतो.

आता ती साध्या डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) लावा, आणि लावताच रेकॉर्डिंगला बसा. पहिल्याच वेळी ध्वनिमुद्रण करून घ्यायचे, कारण पुन्हा ती इतकी बरी वाजेलच असे नाही. प्रत्येक कॅसेटनंतर हेड 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने इअरबडने पुसा आणि पाच मिनिटे वाळू द्या.

राहिले साठवणीचे. हवेतली आर्द्रता साधारण 65-70 टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून वरच असते. कॅसेटी माळ्यावर नकोत, आणि चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातही नकोत. तिथे ओल आधी येते. झाकणबंद डबा हाच उपाय. 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल तेव्हा घनमीटरभर हवेत सुमारे 26 ग्रॅम पाणी असते, म्हणजे 20 लिटरच्या डब्यातल्या हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम. खरी ओल असते ती कागदात, आणि झाकण पुन्हा पुन्हा उघडले की जी आत येते त्यात. त्यामुळे अशा डब्याला दीडशे ग्रॅम सिलिका जेल पुरते. सोबत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा 40 ते 50 टक्क्यांत राहील असे पाहा. नारिंगी दाणे रंग बदलून हिरवे झाले की 110-120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. शक्यतो घेऊच नका. कॅसेटी उभ्या ठेवा, टेप एका टोकाला पूर्ण गुंडाळून.

आणि कपाटात डांबरगोळ्या ठेवायची सवय असेल तर कॅसेटींपुरती ती मोडा. त्यांच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकच्या पेट्या मऊ होऊन चिकट होतात.

प्रश्न (मडगाव): कॅसेटी संगणकावर उतरवल्या, पण आवाज दबलेला येतो, जणू कोणी स्पीकरवर चादर टाकली आहे. डॉल्बी (खरखर कमी करायची सोय) बंद केल्यावर जरा उघडतो. तसेच ठेवू का?

उत्तर: नको. दहापैकी आठ वेळा हा दोष हेडच्या कोनाचा असतो. हेडमधली फट टेपच्या दिशेला अगदी काटकोनात हवी. तुमच्या डेकचे हेड किंचित तिरके असेल, किंवा मूळ कॅसेट भरणाऱ्या यंत्राचे असेल, तर आधी वरचे स्वर जातात: झांज, टाळ, तंबोऱ्याची जवारी.

हेडच्या शेजारी दोन स्क्रू दिसतील. त्यातला स्प्रिंगवर बसलेला स्क्रू कोनाचा. बऱ्याच डेकमध्ये दाराच्या आवरणाला त्यासाठी भोक असते. स्क्रूच्या आजच्या जागेवर आधी रंगाचा बारीक ठिपका द्या. टेप चालू ठेवा, आवाज मोनो करा, कारण कोन चुकला असेल तर मोनोमध्ये दबलेपणा आणखी स्पष्ट कळतो. आता स्क्रू अगदी थोडा थोडा, घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या पाच मिनिटांएवढा, दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. एका ठिकाणी आवाज एकदम मोकळा होईल. तिथे थांबा. बिनचुंबकी स्क्रूड्रायव्हर वापरा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅसेटींना वेगळा कोन लागतो, म्हणून प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला हे करणे चांगले.

डॉल्बीचा प्रश्न त्यानंतर. कॅसेटवर डॉल्बीची खूण असेल तर डेकवर ते चालू हवे. बंद करून जो उजळपणा मिळतो तो खोटा, कारण ध्वनिमुद्रण करताना वाढवलेले वरचे स्वर तसेच राहतात आणि सोबत खरखरही. खूण नसेल तर बंदच ठेवा. त्या काळातल्या आपल्याकडच्या पुष्कळ कॅसेटी बिनडॉल्बीच्या आहेत.

संगणकावर घेताना लाइन-इनमध्ये जोडा, माइकच्या भोकात नको, तिथे आवाज फाटतो. ध्वनिमुद्रणाची सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असे पाहा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरते. साठ मिनिटांच्या कॅसेटला सुमारे एक जीबी जागा लागते. फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवली तर साधारण निम्मी, आणि दर्जा तोच. खरखर काढायचे प्रयोग प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. दोन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

प्रश्न (शिवोली): वेळ कमी आणि कॅसेटी फार. मायकल जॅक्सन, यू2, रेमो, शिवाय वडिलांनी टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या देवळातल्या उत्सवी नाटकाच्या आणि घुमट आरत्यांच्या कॅसेटी. सुरुवात कुठून करू?

उत्तर: उलट्या टोकापासून. 'थ्रिलर' किंवा 'द जोशुआ ट्री' तुम्हाला उद्याही मिळेल, आजच्या कॅसेटपेक्षा चांगल्या आवाजात. वडिलांच्या कॅसेटीतले नाटक या जगात फक्त त्या एका टेपवर आहे. म्हणून आधी त्या घ्या, मग इथेच निघालेल्या आणि थोड्याच प्रती झालेल्या कॅसेटी, मग कंपन्यांच्या मराठी-हिंदी, आणि परदेशी प्रसिद्ध अल्बम सर्वांत शेवटी. आवडीचा क्रम वेगळा असेल, पण वाचवण्याचा क्रम हाच.

घरगुती टेपा बहुधा 90 मिनिटांच्या असतात आणि त्यांची फीत 60 मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते. साठची फीत सुमारे 18 मायक्रॉन, नव्वदची 12, एकशेवीसची 9. एकशेवीसची सापडली तर डेकमध्ये वेगाने पुढे-मागे करू नका, पेन्सिलने गुंडाळा. नाटकाच्या टेपमध्ये टाळ्या आणि सूत्रधाराची घोषणा कापू नका. कोणते वर्ष, कोणाचे देऊळ, पेटीवर कोण, हे बऱ्याचदा त्याच घोषणेत असते. घरातल्या जाणत्यांना शेजारी बसवून ऐका आणि ओळखू येणारी नावे मिनिट-सेकंदासह लिहून घ्या. ही माहिती नंतर कुठूनच मिळत नाही.

रेमोबद्दल, तुम्ही शिवोलीचे आहात म्हणून मुद्दाम. 'गोवन क्रेझी' हा 1984 चा अल्बम त्यांनी तुमच्याच गावात, घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर केला. सगळी वाद्ये, सगळे आवाज, मुखपृष्ठ, आणि पुढे विक्रीही स्वतःच. पुढच्या वर्षी 'ओल्ड गोवन गोल्ड' आला. घरी चार ट्रॅकवर काम करणे किती अवघड ते समजून घेतले तर ऐकण्यात वेगळीच मजा येते. तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. दर वेळी खरखर वाढते, वरचे स्वर घटतात, आणि एकदा एकत्र केलेले पुन्हा सुटे करता येत नाही. म्हणजे ढोल आणि बास यांचे प्रमाण गाणे गाण्याआधीच ठरवावे लागते. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (1982) हाही घरातल्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावरच ध्वनिमुद्रित झाला आणि तसाच प्रसिद्ध झाला. हे दोन अल्बम लागोपाठ ऐका: एक गिटार आणि आवाजावर थांबलेला, दुसरा थरावर थर चढवणारा. आमच्या मते ऐंशीच्या दशकातले धाडस मोठ्या स्टुडिओंपेक्षा अशा घरांत जास्त झाले.

प्रश्न (फोंडा): सगळे इंग्रजीच बोलतात. ऐंशीच्या दशकातले आपल्याकडचे कोणते अल्बम संग्रहात असायलाच हवेत?

उत्तर: पहिला 'राम श्याम गुण गान', लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी. दोन इतके वेगळे आवाज एकमेकांना जागा देत गातात, ते ऐकण्यासारखे आहे. चित्रपटांतून 'उंबरठा' (1982), हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. गझलेत जगजित आणि चित्रा सिंग यांचा 'बियाँड टाइम' (1987). भारतात डिजिटल मल्टिट्रॅक तंत्राने केलेल्या सुरुवातीच्या अल्बमांपैकी हा एक, म्हणून याची कॅसेट असली तरी सीडी शोधा. पॉपमध्ये नाझिया आणि झोहेब हसन यांचा 'डिस्को दीवाने' (1981), संगीत बिद्दू यांचे.

आणि एक असा, ज्याकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही: चरणजित सिंग यांचा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. रोलंड कंपनीचे टीबी-303 (बासचे सिंथेसायझर) आणि टीआर-808 (तालयंत्र) घेऊन त्यांनी 1982 मध्ये दहा राग वाजवले. 2010 मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले, कारण पुढे शिकागोत त्याच 303 वर जो अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा आवाज घडला, तो इथे काही वर्षे आधीच ऐकू येत होता. हे यंत्र स्वरावरून स्वरावर घसरू शकते, आणि मिंडेसाठी त्यांना तेच हवे होते. भैरव आधी ऐका. हणजूणच्या किनाऱ्यावर पुढे जे ट्रान्स संगीत वाजले ते आवडणाऱ्यांनी तर नक्कीच.

प्रश्न (काणकोण): रेकॉर्डी साबणाच्या पाण्याने धुतल्या तर चालतात का? आजोबांच्या जाड, जड रेकॉर्डीही आहेत.

उत्तर: एलपीला चालते. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या बिनरंगी, बिनवासाच्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही. लेबल कोरडे ठेवून, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा नाही. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. नळाचे पाणी सुकल्यावर क्षार खाचेतच राहतात आणि तेच पुढे टकटकतात. ताटाळ्यात उभ्या ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळवा, पावसाळ्यात रात्रभर. जुने कागदी आतले पाकीट बुरसटलेले असेल तर टाका आणि नवे घ्या, नाहीतर धुतलेली रेकॉर्ड महिन्याभरात पुन्हा तशीच होईल. बाहेरचे छापील कव्हर ठेवा, पण मऊ पीव्हीसीच्या जाड पिशवीत नको. तिच्यामुळे रेकॉर्डवर धुरकट थर येतो.

आजोबांच्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डी लाखेच्या असतात. त्यांना अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नका, लाख विरघळते. त्यांना पाणीही थोडेच, आणि लगेच पुसून घ्या. एलपीची सुई त्यांना चालत नाही. त्यांची खाच तिप्पट रुंद असते, वेगळी सुई लागते.

प्रश्न (डिचोली): वीस वर्षांनी डेक उघडला, आत बेल्टच्या जागी काळे डांबर झाले आहे. फेकून देऊ?

उत्तर: फेकू नका, हा दुरुस्त होणाऱ्यांतला दोष आहे. जुना रबर उष्णतेत आणि ओलीत वितळतो. हातमोजे घाला, डाग कपड्यांवरून जात नाही. चिमट्याने मोठे तुकडे काढा, उरलेले आयसोप्रोपिलने भिजवलेल्या इअरबडने पुसा, कप्पीच्या खोबणीतला शेवटचा कणही निघेपर्यंत. तो राहिला तर वेग डगमगतो आणि पेटीचा लांब स्वर लहरतो. नव्या बेल्टसाठी कप्प्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्यातून पाच ते सात टक्के कमी करा. उदाहरणार्थ दोरा 250 मिलिमीटर भरला तर 232 ते 238 चा बेल्ट. जाडीही मोजून सांगा, बहुधा चौकोनी एक ते दीड मिलिमीटर असते. फार घट्ट घेतला तर मोटरच्या बुशिंगवर ताण येतो. टेप ओढणारा रबरी पिंच रोलरही तपासा: नखाने दाबल्यावर दगडासारखा लागला तर तोही बदला, नाहीतर नवा बेल्ट घालूनही तो टेप गिळेल.